श्वास आणि भाकर : हवा, आरोग्य व अन्न यांविषयी एक अभ्यासपाठ

वाचन : उत्पत्ती, अध्याय ४१



रोजच्या भाकरीसाठी आपण दररोज प्रार्थना करतो. रोजच्या श्वासासाठी मात्र क्वचितच करतो, कारण तो न मागता मिळतो अशी आपली समजूत आहे. पण आता श्वास निर्धोक राहिलेला नाही, आणि ज्या कारणांनी तो बिघडला त्याच कारणांनी भाकरीही धोक्यात येत आहे. ह्या दोन गोष्टींचा संबंध काय, तो आपल्या घराशी व मंडळीशी कसा पोहोचतो आणि त्यावर काय करता येईल, हे समजून घेणे हा ह्या पाठाचा हेतू आहे. पाठ मोठा आहे. मोठ्या मुलांच्या किंवा तरुण संघाच्या वर्गात तो दोन रविवारी विभागून घ्यावा.

१. हवेत काय मिसळते?

स्वच्छ कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग ऑक्सिजन व उरलेल्या एका भागात बाकीचे सर्व वायू असतात. कार्बन डायऑक्साइड तर अगदी थोडा असतो. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ साली चार्ल्स कीलिंग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटांतील मौना लोआ डोंगरावर त्याची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा तो सुमारे ३१५ भाग भरला. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीवरची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, गोधडीसारखा ती धरून ठेवतो. गोधडी जाड होत गेली की आतली ऊब वाढणारच.

दुसरी गोष्ट धुराची. लाकूड, गोवऱ्या, कोळसा, डिझेल, उसाचे पाचट, भाताचे काड किंवा कचरा जळतो तेव्हा काजळीचे व इतर पदार्थांचे अतिशय बारीक कण हवेत जातात. त्यांतले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात. आपल्या डोक्याचा केस सुमारे पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांचा बारीकपणा ध्यानात येईल. डोळ्याला दिसणारी धूळ नाक व घसा बऱ्याच अंशी अडवतात. हे कण मात्र सरळ फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात, आणि त्यांतील काही तेथून रक्तातही उतरतात.

शिक्षकांनी येथे एक मुद्दा स्पष्ट करावा. प्रदूषण हा एक प्रश्न व हवामानबदल हा दुसरा, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात दोहोंचे उगम पुष्कळदा एकच असतात. कोळशाच्या भट्टीतून, मोटारीच्या इंजिनातून किंवा पेटलेल्या शेतातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि काजळीही निघते. काजळी काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली बसते, पण तेवढ्यात माणसांना आजारी करते. शिवाय काळी असल्यामुळे ती ऊन शोषून हवा तापवते. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षे हवेत राहतो व नातवंडा-पतवंडांच्या काळापर्यंत पृथ्वी तापवत राहतो. म्हणून अशी एक आग विझवली की लाभ दुहेरी होतो.

२. शरीरावर काय घडते?

खोकला, दमा व जुनाट श्वसनविकार हे परिणाम सर्वांना माहीत आहेत. पण बारीक कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी पुष्कळ मृत्यू हृदयविकाराने व पक्षाघाताने होतात, हे कित्येकांना ठाऊक नसते. फुप्फुसांच्या कर्करोगाशीही ह्या हवेचा संबंध आहे. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या दूषित हवेची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींत केली. गरोदर स्त्रीने अशी हवा घेतली तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातील व बाहेरील दूषित हवेमुळे जगात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसे अकाली मरण पावतात. भारतापुरता विचार केला, तर २०१९ साली असे मृत्यू सुमारे १६ लाख ७० हजार झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' गटाच्या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या दाखल्यावर 'हवा' असे कारण कोणी लिहीत नाही, म्हणून हा आकडा आपल्या नजरेत भरत नाही.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा व हैदराबाद येथे राहतात. हवा सुधारण्यासाठी २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत ही चारही शहरे आहेत, आणि बेळगावकरांच्या शेजारचे हुबळी-धारवाडही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या यादीत तर बारीक कणांच्या बाबतीत ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते. उत्तरेच्या मैदानात हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार व जड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि खालचा धूर वर जाऊ शकत नाही. शेकोट्या, वाहने व धूळ यांचा सर्व मळ त्या झाकणाखाली साचतो. त्याच वेळी मुले पहाटे शाळेला निघतात व वृद्ध माणसे फिरावयास बाहेर पडतात. मूल मोठ्या माणसापेक्षा जलद श्वास घेते, त्यामुळे वजनाच्या मानाने ते अधिक दूषित हवा आत घेते.

घरातील धुराकडेही डोळेझाक करू नये. बंद स्वयंपाकघरात चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या स्त्रीला व तिच्या कडेवरच्या मुलाला जो धूर लागतो, तो पुष्कळदा भर रस्त्यावरच्या धुरापेक्षाही दाट असतो. अशा घरांतील लहान मुलांना न्यूमोनियासारख्या आजारांचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला, ही मोठी गोष्ट झाली. परंतु दुसरा सिलिंडर घेण्यास पैसे नसले की तीच बाई पुन्हा सरपण गोळा करू लागते. शेगडी घरात आली म्हणजे धूर गेला, असे समजू नये.

३. उष्म्याचा मारा

१९०१ पासून २०१८ पर्यंत भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा लहान दिसतो, पण सरासरी थोडी वाढली तरी अतितीव्र उन्हाचे दिवस पुष्कळ वाढतात. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. २०१५ सालच्या लाटेत देशात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक आंध्र प्रदेश व तेलंगणातील होती. मरणारे बहुधा उन्हात काम करणारे मजूर, वृद्ध व पत्र्याच्या घरात राहणारे असतात.

गोव्यासारख्या दमट प्रदेशात पारा कमी असूनही धोका असतो. घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असले तर घाम वाळत नाही, आणि शरीराची उष्णता आतच राहते.

४. गव्हाची गोष्ट

आता भाकरीकडे वळू. २०२२ सालचा मार्च महिना हा १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत त्या वेळी गव्हाच्या ओंबीत दाणा भरत होता. ह्या अवस्थेत गव्हाला थंडावा हवा असतो. ऊन एकाएकी वाढले की रोप घाईने पिकते, दाण्याला भरण्यास पुरेसे दिवस मिळत नाहीत आणि तो पोचट व सुरकुतलेला राहतो. त्या वर्षी तसेच झाले. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज १,११३ लाख टन गव्हाचा होता, तो मे महिन्यात सुमारे १,०६४ लाख टनांवर आणावा लागला. पंजाब व हरियाणात सरकारी खरेदीसाठी सुरकुतलेल्या दाण्याची मर्यादा शेकडा ६ होती, ती शेकडा १८ करावी लागली. १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. अशा उष्णतेचा संभव हवामानबदलामुळे सुमारे तीस पटींनी वाढला आहे, असे शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याच महिन्यात सांगितले.

ह्या गोष्टीचा शेवट रेशनच्या दुकानात झाला. युक्रेनमधील युद्धामुळे जगात गव्हाचे भाव चढले होते, म्हणून व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांना जादा भाव दिला. पीकही कमी होते. सरकारची खरेदी २०२१ साली सुमारे ४३३ लाख टन होती, ती २०२२ मध्ये सुमारे १८८ लाख टनांवर आली. काही राज्यांत मोफत धान्यात गव्हाऐवजी तांदूळ द्यावा लागला. शेतातल्या दोन आठवड्यांच्या उन्हाचा परिणाम हजार मैलांवरच्या गरिबाच्या ताटात कसा उतरतो, याचे हे अलीकडचे उदाहरण मुलांना जरूर सांगावे.

जगभरच्या प्रयोगांचा २०१७ साली एकत्र विचार झाला. त्यावरून असे दिसते की, पृथ्वीचे तापमान एका अंशाने वाढले तर गव्हाचे उत्पन्न सरासरी शेकडा ६, तांदळाचे शेकडा ३ व मक्याचे शेकडा ७ घटते. शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढलेल्या हवेत पिकवलेल्या गहू-तांदळात प्रथिने, लोह व जस्त कमी भरतात. म्हणजे पोट भरले तरी पोषण कमी पडण्याची भीती आहे. आपल्याकडे स्त्रिया व मुले यांच्यात पंडुरोग आधीच फार आहे, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

५. पिकांनाही दूषित हवा लागते

वाहने व कारखाने यांच्या धुरातील काही वायूंवर कडक ऊन पडले की ओझोन नावाचा वायू तयार होतो. फार उंचावर असलेला ओझोन सूर्याचे घातक किरण अडवून आपले रक्षण करतो. तोच जमिनीलगत आला की विषारी ठरतो. तो पानांच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो व पानाची अन्न तयार करण्याची शक्ती कमी करतो. पीक वरून हिरवे दिसते, पण उतारा कमी येतो, आणि शेतकरी बियाण्याला किंवा खताला दोष देतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली ह्याचा हिशेब प्रसिद्ध केला. २००५ सालच्या हवेवरून त्यांनी काढलेला अंदाज असा की, ओझोनमुळे भारताचा सुमारे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन तांदूळ बुडाला. एवढ्या धान्यात सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना अन्न मिळाले असते. शहरचा धूर शहरातच राहत नाही, तो वाऱ्याबरोबर शेतावर जातो.

पाण्याची बाजूही थोडक्यात सांगावी. तापलेली हवा अधिक बाष्प धरते, म्हणून पाऊस आला की तो एकदम कोसळण्याचा संभव वाढतो. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव, कोल्हापूर व सांगली भागांत कृष्णा व तिच्या उपनद्यांना आलेल्या महापुराने उभा ऊस व घरेदारे पाण्यात गेली. गोव्यात समुद्राची पातळी वाढत असल्याने खाजन जमिनींचे बांध व मानशी जपणे अधिक कठीण होत आहे. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते. खारेपणा सोसणाऱ्या कोरगुटासारख्या जुन्या भातांचे मोल अशा वेळी कळते.

६. दोष कोणाचा?

वर्गात हा प्रश्न निघेलच. भारतात दर माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर अमेरिकेत सुमारे चौदा टन. ज्यांनी गोधडी जाड केली ते वेगळे, व तिच्याखाली घुसमटणारे वेगळे. हा अन्याय आहे, आणि तो मुलांपासून लपवू नये.

पण बारीक कणांच्या बाबतीत परदेशाकडे बोट दाखवून भागत नाही, कारण तो धूर बहुतांशी आपल्याच देशातला असतो. त्यातही दोष देण्याची घाई नको. पंजाबचा शेतकरी भाताचे काड जाळतो म्हणून सर्वजण त्याला बोल लावतात. भूगर्भातील पाणी वाचावे म्हणून तेथे २००९ च्या कायद्याने भाताची लावणी उशिरा करण्याचे ठरले. त्यामुळे कापणी उशिरा होते आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास थोडेच दिवस उरतात. काड उचलण्याचे यंत्र व मजुरी त्याला परवडत नाही. आपल्या भागात उसाचे पाचट जाळणाऱ्यांचीही अडचण काहीशी अशीच असते. तेव्हा आधी माणसाची अडचण समजून घ्यावी व मग उपाय सांगावा.

७. हे बदलू शकते काय?

होय. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस बसले व हजारो माणसे मेली. १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला, घरोघरचा कोळसा हळूहळू बंद झाला आणि तसे धुके इतिहासजमा झाले. उंचावरील ओझोनच्या थराला पडलेले भोक पाहून १९८७ साली मॉन्ट्रिअल येथे देशांनी करार केला, आणि तो थर आता भरून येत आहे. मुलांच्या बुद्धीवर परिणाम करणारे शिसे भारतातील पेट्रोलमधून २००० साली गेले.

आपल्या जवळचीही उदाहरणे आहेत. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेच्या लाटेसाठी कृतियोजना आखली. आधी इशारा देणे, पाणपोया उघडणे व दवाखान्यांना तयार ठेवणे एवढ्याच साध्या गोष्टी तीत होत्या, आणि पुढे इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. इंदुरात ओल्या कचऱ्यापासून वाहनांचा गॅस तयार करणारा, दररोज ५५० टन कचरा घेणारा कारखाना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. २०२३ च्या स्वच्छ हवेच्या सरकारी पाहणीत दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांत इंदूर पहिले आले.

ह्या ठिकाणी वाचनाचा भाग घ्यावा. फारोला दुष्काळाची सूचना आधी मिळाली होती, पण केवळ सूचनेने कोणी वाचले नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा भाग गावोगाव साठवला, म्हणून मिसर देश व आसपासचे लोक वाचले. आपल्याला तर सूचना आकड्यांसह मिळाली आहे.

८. मंडळीने काय करावे?

(अ) मंडळीच्या आवारात पालापाचोळा व कचरा जाळू नये. एका कोपऱ्यात खड्डा करून खत करावे.

(आ) हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक वर्तमानपत्रात व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर मिळतो. ५० पर्यंत हवा चांगली, २०० च्या पुढे वाईट व ४०० च्या पुढे गंभीर समजावी. २०० च्या पुढे निर्देशांक असेल त्या दिवशी मुलांचे मैदानी खेळ बंद ठेवावेत, आणि वृद्ध व दमेकऱ्यांसाठी उपासनेची वेळ सकाळी उशिरा ठेवता येते का, हे वडीलवर्गाने पाहावे.

(इ) स्त्रीसमाजाने मंडळीत अजून चुलीवर स्वयंपाक करणारी घरे किती, हे प्रेमाने विचारावे. एखाद्या विधवेच्या घरी वर्षातून दोन सिलिंडरांची मदत झाली तरी ती खरी आरोग्यसेवा होय. जेथे चूल अटळ आहे तेथे धुराडे व खिडकी असावी, आणि तान्ह्या मुलाला चुलीपासून दूर ठेवावे.

(ई) उन्हाळ्यात मंदिराचे दार दुपारी उघडे ठेवून वाटसरू व मजुरांना सावली व पाणी द्यावे. अंग तापून बरळणाऱ्या किंवा बेशुद्ध पडणाऱ्या माणसाला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा व ताबडतोब दवाखान्यात न्यावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

(उ) ज्वारी, बाजरी व नाचणी ही धान्ये गहू-तांदळापेक्षा उष्मा व कमी पाणी अधिक सोसतात. कापणीच्या सणाच्या भोजनात त्यांना मानाचे स्थान द्यावे.

(ऊ) एवढ्याने कोळशाची भट्टी थांबत नाही, हे खरे. म्हणून नगरसेवक, नगरपालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे नागरिक या नात्याने लेखी मागणी करावी. हवेचा कायदा देशात १९८१ पासून आहे. तो वापरणारे लोक हवेत.

वर्गात करण्याचा प्रयोग

पांढऱ्या जाड कागदाच्या दोन तुकड्यांना व्हॅसलिनचा पातळ थर लावावा. एक तुकडा रस्त्याकडच्या खिडकीत व दुसरा आतल्या खोलीत आठवडाभर ठेवावा, आणि पुढच्या रविवारी भिंगाने दोन्ही पाहावेत. कागदावर दिसते ती जाड धूळ होय, सर्वांत घातक कण ह्याहून बारीक असल्याने दिसत नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. जमिनीलगतचा ओझोन व उंचावरचा ओझोन यांच्या कार्यात काय फरक आहे?
२. २०२२ च्या मार्चमधील उन्हाचा रेशनच्या दुकानाशी संबंध कसा आला, ते क्रमाने सांगा.
३. तुमच्या घराभोवती कोणकोणत्या आगी जळतात? त्यांतील कोणती आपण स्वतः विझवू शकतो, आणि कोणतीसाठी सर्वांनी मिळून मागणी करावी लागेल?
४. ज्या शेतकऱ्याला काड किंवा पाचट जाळावे लागते, त्याला तुम्ही काय सांगाल? त्याच्यासाठी काय कराल?
५. आपल्या मंडळीत दूषित हवेचा त्रास सर्वांत अधिक कोणाला होतो? त्यांच्यासाठी ह्या महिन्यात एक गोष्ट ठरवा, ती कोण करणार ते लिहून काढा, आणि पुढल्या महिन्यात तिचा हिशेब घ्या.